भरल्या ताटावरून

‘भरल्या ताटावरून उठणं’ हा वाक्प्रचार चांगल्या अर्थानं वापरलेला मी कधी ऐकला नाही. उठणारा रुसलेला असतो, कुणीतरी त्याला टोचून बोललेलं असतं, नाहीतर दारात वाईट बातमी घेऊन माणूस उभा असतो. वाढणाऱ्यालाही ते लागतं. उठणाऱ्याची भूक भागलीही असेल, ही शक्यता त्या शब्दांत कुठेच शिरत नाही.

लोरेना ओचोआ या मेक्सिकन गोल्फपटूचा विचार करताना हा वाक्प्रचार मला दरवेळी आडवा येतो. 23 एप्रिल 2010 ला मेक्सिको सिटीत पत्रकारांसमोर बसून तिनं सांगितलं, की मी व्यावसायिक गोल्फ सोडते आहे. वय 28. दुखापत नाही, वाद नाही, पैशांची ओढाताण नाही. महिला गोल्फच्या जागतिक क्रमवारीत ती पहिली होती, आणि पहिली म्हणजे त्या आठवड्यापुरती नव्हे. 23 एप्रिल 2007 ला ती त्या जागेवर बसली होती आणि बरोबर तीन वर्षांनी, त्याच तारखेला, उठते म्हणाली. मे महिन्यात तिनं ती जागा खरोखर सोडली तेव्हा सलग 158 आठवडे झाले होते.

मी ती बातमी कामाच्या टेबलावर, दुसरंच काहीतरी शोधताना वाचली. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. एका मैत्रिणीबरोबर एकदा सरावाच्या मैदानावर गेले होते. तिथे तीनदा जीव खाऊन काठी फिरवली आणि चेंडू तीनही वेळा जागचा हलला नाही. त्यामुळे खेळाडू म्हणून ती किती मोठी होती ते तेव्हा समजलंच नाही. डोक्यात अडकलं ते एवढंच, की एक बाई 28 व्या वर्षी ‘पुरे’ म्हणाली. मी तेव्हा बढतीची वाट बघत होते. ‘पुरे’ हा शब्द माझ्या आसपास फक्त जेवताना उच्चारला जायचा.

मग वाचत गेले. जुने सामने बघत गेले. कुणी विचारलं तर मी गोल्फची चाहती नाही, एका गोल्फपटूची आहे.

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातलं तिचं घर तिथल्या कंट्री क्लबला लागून होतं. पाच वर्षांची असताना ती झाडावरून पडली आणि तिची दोन्ही मनगटं मोडली. पुढे ज्या मनगटांवर सगळं उभं राहायचं होतं, तीच. गोल्फही तिनं त्याच वयात हातात घेतलं. त्याच क्लबातल्या राफाएल आलार्कोन या मेक्सिकन गोल्फपटूकडे ती शिकली. मेक्सिकोत तेव्हा या खेळात मोठं व्हायचं तर कुणासारखं व्हायचं, याला उत्तर नव्हतं. तिच्याआधी मेक्सिकोतून कुणी पुरुष वा बाई जागतिक क्रमवारीत पहिलं आलेलं नव्हतं.

ॲरिझोना विद्यापीठात दोन वर्षांत ती वीस स्पर्धा खेळली आणि त्यातल्या बारा जिंकली. दुसऱ्या वर्षाची सुरुवातच सलग सात विजयांनी झाली. 2002 मध्ये शिक्षण अर्धवट सोडून ती व्यावसायिक झाली. आधी एक वर्ष दुय्यम दर्जाच्या दौऱ्यावर काढलं, तिथे कमाईत पहिली आली आणि 2003 मध्ये मुख्य दौऱ्यावर, म्हणजे एलपीजीए या महिला व्यावसायिक गोल्फपटूंच्या संघटनेच्या दौऱ्यावर दाखल झाली. त्या वर्षीची सर्वोत्तम नवोदित खेळाडू तीच.

हा ‘दौरा’ म्हणजे काय, हे मला बरंच उशिरा नीट कळलं. या धंद्यात पगार नसतो. सोमवारी नव्या गावात उतरायचं, मंगळवार-बुधवार मैदान पायाखाली घालायचं आणि बहुतेक ठिकाणी गुरुवारी खेळ सुरू. होल म्हणजे चेंडू एका भोकात घालण्याचा टप्पा, अशा 18 होलची एक फेरी, आणि जिचे फटके कमी ती पुढे. दोन दिवसांत 36 होल झाले की ‘कट’ लागतो. साधारण निम्म्या जणी तिथेच गळतात आणि गळालेल्यांना बहुतेक स्पर्धांत एक डॉलरही मिळत नाही. विमानाचं तिकीट, हॉटेल, कॅडीचे म्हणजे बॅग वाहणाऱ्या साथीदाराचे पैसे मात्र गेलेलेच असतात. उरलेल्या शनिवार-रविवारी आणखी 36 होल खेळतात, आणि रविवारी रात्री सगळ्याच बॅग भरतात. असं वर्षाचे वीस-पंचवीस आठवडे. क्रमवारीत खाली घसरलं तर पुढच्या वर्षी दौऱ्यावर खेळायची परवानगीच जाते, मग पात्रता फेरीत पुन्हा उभं राहायचं. वरून सगळं इतकं हिरवंगार आणि शांत दिसतं, की खालचा हा हिशेब डोळ्यांना दिसत नाही.

शिवाय चेंडू थांबलेला असतो. टेनिसमध्ये समोरून आलेल्या चेंडूला उत्तर द्यायचं असतं, विचाराला वेळच नसतो. इथे चेंडू गवतावर निवांत पडलेला, आणि तुम्ही त्याच्याकडे चालत जाता. चार-पाच तासांच्या फेरीत प्रत्यक्ष फटका मारण्यात जाणारा वेळ काही मिनिटांचा. बाकी सगळं चालणं आणि मनाशी बोलणं.

ओचोआचं मन तिला दगा द्यायचं, असं 2005 आणि 2006 मध्ये लोक उघड म्हणत होते. 2005 च्या मार्चमध्ये ॲरिझोनातल्या एका स्पर्धेत तीन होल बाकी असताना तिच्याकडे चार फटक्यांची आघाडी होती. समोर ॲनिका सोरेनस्टाम, म्हणजे त्या काळातली निर्विवाद राणी. ओचोआची आघाडी वितळली, बरोबरी फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये तिचा चेंडू पाण्यात गेला आणि ॲनिका जिंकली. तीन महिन्यांनी कोलोरॅडोतल्या चेरी हिल्सवर यूएस विमेन्स ओपन. जेतेपद हाकेच्या अंतरावर असताना अठराव्या होलवर तिनं पहिलाच फटका तळ्यात मारला आणि चार फटक्यांच्या त्या होलला आठ घेतले. पुढच्या वर्षी क्राफ्ट नबिस्को या मेजरची (वर्षातल्या मोजक्या सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात) सुरुवात तिनं 62 फटक्यांच्या फेरीनं केली. मेजरमध्ये तोवर कुणीच, पुरुषांतही, याहून कमी फटके घेतले नव्हते. आणि तरी ती हरली. कॅरी वेबनं शेवटच्या होलवर शंभराहून जास्त यार्डांवरून चेंडू थेट भोकात घातला. ओचोआनंही त्याच होलवर ईगल मारून, म्हणजे अपेक्षेपेक्षा दोन फटके कमी घेऊन, बरोबरी साधली, पण प्लेऑफ वेबनं नेला.

चेरी हिल्सच्या त्या अठराव्या होलचं चित्रण मी किती वेळा बघितलं असेन. पाण्यात चेंडू पडतो तेव्हा ती काही फेकत नाही, ओरडत नाही. नुसती बघत राहते. चुकीचा निरोप पाठवल्यावर आपण फोनकडे बघतो तशी.

मग 2007. जागतिक क्रमवारीत ॲनिकाला मागे टाकून ती पहिली आली, पण मेजर अजून एकही नव्हतं आणि ते तिला दर पत्रकार परिषदेत ऐकावं लागत होतं. ऑगस्टमध्ये विमेन्स ब्रिटिश ओपन सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर झाली. गोल्फचं माहेरघर म्हणतात ती ही जागा, आणि बायकांची व्यावसायिक स्पर्धा तिथे त्या दिवसापर्यंत एकदाही झालेली नव्हती. ज्या क्लबाच्या सभासदत्वाची दारं बायकांना बंद होती, त्या रॉयल अँड एन्शंटच्या इमारतीत त्या आठवड्यापुरतं खेळाडूंना येऊ दिलं गेलं. (सभासदत्व देण्याचा ठराव व्हायला 2014 उजाडलं.) ओचोआनं पहिल्या दिवशी 67 ची फेरी खेळून आघाडी घेतली आणि रविवार संध्याकाळपर्यंत ती कुणाला दिली नाही. चार फटक्यांनी जिंकली. ओल्ड कोर्सवर जिंकलेली पहिली व्यावसायिक महिला म्हणजे आघाडी सांभाळता येत नाही म्हणून जिला हिणवत होते ती.

त्या वर्षी तिनं आठ स्पर्धा जिंकल्या आणि 43,64,994 डॉलर कमावले. एका हंगामात चाळीस लाखांचा टप्पा ओलांडणारी ती पहिलीच बाई. पुढच्या वर्षी क्राफ्ट नबिस्को पाच फटक्यांनी जिंकली. ज्या स्पर्धेत 62 मारूनही हात रिकामे राहिले होते, तीच. तिथली रीत अशी होती, की विजेतीनं अठराव्या ग्रीनशेजारच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीशेजारच्या, तळ्यात उडी मारायची. ओचोआबरोबर तिच्या घरच्यांनीही उड्या मारल्या, आणि काठावर मारियाची वादक वाजवत होते. पाण्याशी तिचं जुनं भांडण होतं. त्या दिवशी ती हसत आत गेली.

दौऱ्यावर असताना ती एक गोष्ट नेमानं करायची. अमेरिकेतल्या गोल्फच्या मैदानांवर पहाटे गवत कापणारे, बंकरमधली वाळू सारखी करणारे कामगार मोठ्या संख्येनं मेक्सिकन असतात. ओचोआ त्यांना जाऊन भेटायची. त्यांच्या शेडमध्ये बसायची, त्यांच्यासाठी नाश्ता करायची, आभार मानायची. टीव्हीवर ते लोक कधी दिसत नाहीत. खेळाडू पहिल्या टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, येईपर्यंत त्यांनी दिसेनासं व्हावं अशीच त्यांच्या कामाची वेळ असते. मला वाटतं, तिच्या पुढच्या निर्णयाचं मूळ कुठेतरी त्या शेडमध्ये आहे. म्हणजे, क्रमवारीतल्या जागेशिवायही आपण कुणीतरी आहोत, हे तिला तिथे रोज सकाळी कळत असणार. हा माझा तर्क. तिनं असं कुठे म्हटलेलं नाही.

आता एक शंका. खरंच ताट भरलेलं होतं का? 2006 मध्ये सहा विजय, 2007 मध्ये आठ, 2008 मध्ये सात आणि 2009 मध्ये तीन. वर्षाची सर्वोत्तम खेळाडू 2009 मध्येही तीच ठरली, पण दक्षिण कोरियाच्या जियाई शिनच्या पुढे फक्त एका गुणानं. 2010 च्या सुरुवातीला एकही विजय नाही. म्हणजे ताट भरलेलं होतं, पण निवायला लागलं होतं, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. डिसेंबर 2009 मध्ये तिचं लग्न झालं होतं. घर, मुलं, गरीब मुलांच्या शाळेसाठी चालवलेली संस्था, असं सगळं तिनं त्या पत्रकार परिषदेत सांगितलं. आणि आपण दहाएक वर्षांहून जास्त खेळणार नाही, हे तर ती आधीपासूनच सांगत आली होती. लोकांनी ते ऐकलं नव्हतं, एवढंच.

‘लग्न झालं ना, मग सोडणारच’ हा शेरा मी माझ्याच आजूबाजूच्या बायकांच्या तोंडून ऐकला, आणि मला राग आला. तिनं लग्नासाठी सोडलं याचा नव्हे, तो तिचा प्रश्न. राग आला तो त्या ‘च’चा. दौऱ्यावर मुलांसह फिरणाऱ्या बायका काही कमी नव्हत्या. एलपीजीएनं तर 1993 पासून गावोगाव हलणारं पाळणाघर चालवलं आहे. ओचोआ निवृत्त होण्याच्या आदल्याच वर्षी स्कॉटलंडच्या कॅट्रिओना मॅथ्यूनं विमेन्स ब्रिटिश ओपन जिंकली, दुसऱ्या बाळंतपणानंतर अकरा आठवड्यांनी, 39 व्या वर्षी. म्हणजे रस्ता होता. मॅथ्यू त्यावरून चालत गेली आणि ओचोआ वळली. दोघींपैकी कुणालाही दुसरीचं उदाहरण देऊन गप्प करू नये.

याच संदर्भात मला बॉबी जोन्स सापडला. 1930 मध्ये या अमेरिकन माणसानं एकाच वर्षी ब्रिटन आणि अमेरिकेच्या खुल्या आणि हौशी अशा चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. त्यातली ब्रिटिश हौशी स्पर्धा जिंकली सेंट अँड्र्यूजलाच. आणि नोव्हेंबरमध्ये स्पर्धात्मक गोल्फ सोडला. वय 28. तो वकील होता, घरी बायको-मुलं होती, स्पर्धेच्या ताणानं थकला होता. गोल्फच्या इतिहासात ही घटना दंतकथेसारखी सांगितली जाते. शिखरावरून शांतपणे उतरलेला सद्गृहस्थ. घरी बायको-मुलं असूनही ‘संसार होता ना, मग सोडणारच’ असं त्याच्याबद्दल लिहिलेलं माझ्या वाचनात आलेलं नाही.

माझं सांगायचं तर मीही काही वर्षांनी एक नोकरी सोडली. ओचोआशी तुलना करण्याइतकी मी भोळी नाही, पण माझ्या मापानं तेही ताट भरलेलंच होतं. पद होतं, माणसं चांगली होती, केबिनला खिडकी होती. राजीनामा दिल्यावर पहिले दोन आठवडे जो भेटेल तो आवाज खाली आणून एकच विचारायचा, “काय झालं?” काही झालं नाही म्हटलं की त्यांचे चेहरे आणखी गंभीर व्हायचे. शेवटी वैतागून मी पाठदुखी सांगायला लागले आणि सगळ्यांना बरं वाटलं. पाठदुखीवर मला तेले सुचवली गेली, आसनं सुचवली गेली, एका बाईंनी उशी आणून दिली. ती उशी अजून आहे. आजार हे उठण्याचं मान्य कारण आहे. पोट भरणं नाही.

पण खरं लिहायचं तर माझं पोट भरलं होतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. कधीकधी पहाटे जाग येते आणि वाटतं, पुढचं पद मिळालं नसतं या भीतीनं तर उठले नाही ना मी? नकार ऐकण्याआधी आपणच उठावं, म्हणजे मान राहतो. अशा वेळी ओचोआचे 2009 मधले ते तीन विजय मला आठवतात आणि थोडी सोबत होते. तिलाही असली पहाट आली असेल का? खेळाडूंच्या मुलाखतींत हा प्रश्न कुणी धड विचारत नाही, आणि विचारला तरी उत्तर देण्याची पहाट ती नसते.

तिनं उठताना काय सोडलं, त्यातली एक गोष्ट मोजता येण्यासारखी आहे. एलपीजीएच्या हॉल ऑफ फेमचा नियम या खेळातल्या सगळ्यांत कडक नियमांपैकी एक. तिथे कुणी मतदान करून तुम्हाला घेत नाही. 27 गुण लागतात. साध्या विजयाला एक, मेजरला दोन, वर्षाची सर्वोत्तम खेळाडू ठरलात किंवा हंगामातली फटक्यांची सर्वांत कमी सरासरी राखलीत तर एकेक. ओचोआचे 27 गुण एप्रिल 2008 मध्येच पुरे झाले, मोरेलियाजवळच्या त्रेस मारियासच्या मैदानावर, स्वतःच्या देशात, अकरा फटक्यांनी जिंकून. पण गुणांसोबत आणखी एक अट होती, दौऱ्यावर दहा वर्षं काढलेली असण्याची. निवृत्त झाली तेव्हा ती आठव्या वर्षात होती. आणखी दोन हंगाम कसेबसे खेळली असती, हरत, कट चुकवत, तरी नाव लागलं असतं. नियमाला गुणवत्तेबरोबर हजेरीही हवी होती. हे वाचून मला हसू आलं, कारण नोकरीत मी असे कितीतरी लोक पाहिले होते, जे फक्त त्या दोन हंगामांसाठी थांबले होते. मीही बहुधा त्यांच्यातलीच झाले असते.

ती थांबली नाही. निरोपाची स्पर्धा तिनं खेळली ती पुन्हा त्रेस मारियासवर, मे 2010 मध्ये. सहावी आली. जिंकली जपानची आई मियाझातो. शेवटच्या ग्रीनवर ओचोआ रडली, गर्दीही रडली.

पुढे बरंच झालं. मियाझातो स्वतः पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि 2017 मध्ये, 32 व्या वर्षी, तीही थांबली. नॉर्वेच्या सुझान पेटरसननं 2019 मध्ये स्कॉटलंडमध्ये सोलहाइम कप या युरोप-अमेरिका महिला संघांच्या स्पर्धेतला शेवटचा, विजय मिळवून देणारा हलका फटका मारून चेंडू भोकात घातला आणि तिथेच निवृत्त झाल्याचं सांगितलं. अमेरिकेच्या लेक्सी थॉम्प्सननं 2024 मध्ये, 29 व्या वर्षी, हंगामभर खेळणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. 2010 मध्ये जे सगळ्यांना धक्कादायक वाटलं होतं, त्याला आता निदान भुवया कमी उंचावतात. पैसाही वाढला. 2007 ची ओचोआची कमाई सतरा वर्षं विक्रम म्हणून टिकली. 2024 मध्ये थायलंडच्या अथाया थितिकुलनं तो मोडला, आणि त्यातले चाळीस लाख डॉलर तिला हंगामातल्या शेवटच्या एका स्पर्धेत मिळाले. ओचोआला आख्ख्या वर्षभरात जेवढे मिळाले, जवळपास तेवढे एका आठवड्यात. आज 28 व्या वर्षी उठणाऱ्या बाईला अर्थातच जास्त मोठं ताट सोडून उठावं लागेल.

आणि तो दहा वर्षांचा नियम? 2022 च्या मार्चमध्ये एलपीजीएनं तो काढून टाकला. गुण पुरेसे, वर्षं मोजायची नाहीत. ओचोआ काही न करता, घरी बसल्या, आत आली. खेळ सोडून तिला बारा वर्षं होत आली होती. तेवढ्यात दहा वर्षांची अट एकदा पुरी होऊन वर दोन वर्षं उरली असती.

त्याआधीचं एक दृश्य मात्र मला जास्त आवडतं. बॉबी जोन्सनं निवृत्तीनंतर जॉर्जियात जो क्लब उभा केला, तो ऑगस्टा नॅशनल. बायकांना तिथलं सभासदत्व 2012 पर्यंत नव्हतं. एप्रिल 2019 मध्ये तिथे पहिल्यांदा महिला हौशी खेळाडूंची स्पर्धा झाली आणि शेवटच्या फेरीचा मुहूर्त करायला महिला गोल्फमधल्या चौघी दिग्गजांना बोलावलं होतं. नॅन्सी लोपेझ, ॲनिका सोरेनस्टाम, से री पाक आणि लोरेना ओचोआ. एकीकडे ॲनिका, जिच्याकडून तिनं पहिली जागा घेतली होती. मागे जोन्सचं मैदान, जो तिच्याच वयात उठला होता. प्रत्येकीनं पहिल्या टीवर यायचं, एक फटका मारायचा, बाजूला व्हायचं. त्या फटक्याचे गुण कुठे लिहीत नाहीत. ओचोआनं चेंडू ठेवला, मारला, तो कुठवर जातोय ते हात डोळ्यांवर धरून बघितलं की नाही हे चित्रणात नीट दिसत नाही. मग बाकीच्या तिघींबरोबर हसत ती टीवरून खाली आली.